समोरची ओळ

गावाचं नाव नको. नाव घेतलं की तिथली माणसं उद्या दारात येऊन उभी राहतात, आमच्या घरातलं बाजारात का मांडलं म्हणून. इब्रामपूरच्या पुढे, सिंधुदुर्गाच्या हद्दीच्या अंगाला, काजूच्या डोंगराखाली पंचवीस-तीस घरं आहेत, एवढं कळलं तरी पुरे. त्यातल्या एका घरात पद्मावती राहते. वय सत्तरीला टेकलेलं, शिक्षण चौथी, पोटी मूलबाळ नाही, नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली. कागदावर मांडायचं तर बाईचं आयुष्य एवढंच भरतं. पण आसपासच्या गावांत धालोचं गाणं म्हटलं की पहिलं नाव निघायचं ते हिचं. ते गाणं तिच्याकडून कोणी हिसकावून घेतलं नाही. हळूच, गोडीगुलाबीनं काढून घेतलं, आणि तेच जास्त लागतं.

धालो म्हणजे काय, ते बाहेरच्यांना सांगावं लागेल. पौषात गावच्या मांडावर, म्हणजे देवाच्या सारवलेल्या अंगणात, बायका जमतात. एकमेकींच्या कमरेत हात घालून दोन ओळी करतात, समोरासमोर. एक ओळ गात गात पुढे येते, वाकते, मागे सरते. मग समोरची ओळ गात पुढे येते. कितीतरी गाण्यांत पहिली ओळ विचारते आणि दुसरी जाब देते. जाब म्हणजे उत्तर. तो आल्याशिवाय पहिलीला पुढे म्हणता येत नाही, तिथेच उभं राहावं लागतं. एकटीनं म्हणायचं हे गाणंच नव्हे.

पद्मावती अठराव्या वर्षी सिंधुदुर्गातून लग्न होऊन इथे आली. नवरा गोकुळदास मुळगावच्या बाजूला खाणीवर ट्रक चालवायचा. सोमवारी जायचा तो शनिवारी लाल होऊन परतायचा. कितीही घासला तरी कानामागे माती राहायचीच. आठवडाभर घर खायला उठायचं. सासू बोलायची ती कामापुरती. मग ही पोर भाताची लावणी करताना, गोठा झाडताना, बोंडापासून काजूची बी पिळून काढताना स्वतःशीच शब्दाला शब्द जोडू लागली. लिहून ठेवायचं तिच्या मनातही आलं नाही. पहिल्यांदा मांडावर तिनं स्वतः रचलेलं म्हटलं तेव्हा जुन्या बायकांनी पाय न थांबवता एकमेकींकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी विहिरीवर एकीनं विचारलं, "काल म्हटलंस ता कोणाचा गो?" हिनं घागर उचलली आणि वाट धरली. पण कळायचं ते सगळ्यांना कळलं होतं.

चार वर्षांनी धाकट्या दिराची बायको आली, पार्वती. अंगानं काडी, आवाज बारीक आणि थोडा नाकातला. बायका हसायच्या, मांजर दारात सापडलंय म्हणायच्या. नवीन घरात तिला करमेना. चुलीपुढे बसून रडायची, आणि सासूनं विचारलं की सांगायची, धूर गेला डोळ्यांत. पद्मावती हे सगळं बघत होती. त्या पौषात तिनं पार्वतीचा हात धरून तिला समोरच्या ओळीत सगळ्यांच्या पुढे उभी केली आणि तिच्यासाठी केलेलं गाणं म्हटलं.

नदीपलतडी गो कोणाचो दिवो?

जाब पार्वतीला आधीच शिकवून ठेवला होता. ती घाबरत घाबरत एक पाऊल पुढे आली आणि त्या नाकातल्या आवाजात म्हणाली,

माज्या भयणीचो गो दिवो, वारो लागना तेका.

त्या दिवसापासून एकोणचाळीस पौष या दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या. मधे भांडणं झाली, नाही असं नाही. अंगण एक, विहीर एक, दोघींची कोंबडी एकमेकींच्या वाफ्यात. आपलेच दात आणि आपलेच ओठ. एकदा तर शेवग्याच्या शेंगांवरून सहा महिने अबोला होता. पण पौष लागला की पार्वती दारात यायची आणि कोरड्या तोंडानं विचारायची, "येतंस मगे?" पार्वतीला एकच मुलगा, स्वप्नील. तो दोघींच्या मांडीवर वाढला. लहानपणी त्याला कोणी विचारलं, तुझी आई कुठची, तर तो दोन्ही दारांकडे बोट करायचा.

मग गोकुळदास गेला. बाजारात उभ्या उभ्या छातीत कळ आली आणि खाली बसला तो उठलाच नाही. त्याचं दुःख पद्मावतीनं केलं, जसं सगळ्या करतात. पुढे पौष आला. विधवेनं मांडावर पाय ठेवू नये हे त्या गावात कुठे लिहिलेलं नाही, कोणी तसं तिला सांगितलंही नाही. सांगितलं असतं तर ती भांडली तरी असती. पहिल्या रात्री ती लुगडं बदलून दारात बसली आणि पार्वती अंगणातून गेली, पैंजण वाजू नयेत म्हणून पाऊल दाबून. विचारलं नाही. बस, एवढंच झालं. दिवा मालवून पद्मावती आत जाऊन निजली, आणि मांडावरून आपलंच गाणं, आपल्याशिवाय, जाबासकट ऐकू येत राहिलं. असं नऊ वर्षं.

यंदा फेब्रुवारीअखेर तनया आली. खालच्या अंगाला नदीपलीकडे एक जुनी इगर्ज, म्हणजे चर्च, आहे, तीनशे वर्षांची तरी असेल. तिथल्या पाद्रीबाबांनी आणि गावातल्या मंडळींनी मिळून साहित्याचा मेळावा ठरवला होता, इगर्जेच्या आतच. पलीकडच्या फेस्ताला, म्हणजे तिथल्या जत्रेला, या गावची माणसं मेणबत्ती घेऊन जातातच, त्यामुळे त्यात कोणाला नवल वाटलं नाही. तनया कॉलेजात शिकवते, आणि मेळाव्यात कोण काय म्हणणार ते तिच्याकडे होतं. ती ओसरीवर बसली, पुढे केलेल्या चहात तिनं उंडा, म्हणजे गोल पाव, बुडवून खाल्ला, आणि म्हणाली, "मावशी, देवाची गाणी मला नकोत. ती मांडावरची, मांडावरच राहू देत. तुम्ही स्वतः केलेली म्हणा. तुम्ही कवयित्री आहात."

कवयित्री म्हटल्यावर पद्मावतीला हसू आलं. पण तनया गेली आणि बाई कप विसळता विसळता थांबली. गाणं माझं. जागा मांडाची नव्हे. महिना पौष नव्हे. मग मला कोण अडवतंय? तिला कवयित्री व्हायचं नव्हतं, व्यासपीठ नको होतं, शाल तर नकोच होती. तिला एकदा, मरायच्या आधी एकदा, समोरून जाब हवा होता. देव मागे उभा नसेल तर नसेल, समोर पार्वती हवी.

ती तडक पार्वतीच्या स्वयंपाकघरात गेली आणि सांगून मोकळी झाली. पार्वती मासे साफ करत होती. तिनं हात धुतले, पुसले, आणि म्हणाली, "मी येतंय गो वयनी. तुझ्यासमोर मी नाय तर कोण उबी रवतली?" दोन दिवसांत अकरा बायका तयार झाल्या. कुठली साडी नेसायची यावरून वादही झाला, म्हणजे गोष्ट पक्कीच म्हणायची.

आता सगुण. हा मांडाची राखण करणारा म्हातारा. माणूस वाईट नाही. कोणाच्या अडीअडचणीला पहिला धावतो. पण काही माणसांना नाही म्हणायचं नसतं आणि हो होऊ द्यायचं नसतं. बायका त्याच्याकडे विचारायला गेल्या तर म्हणाला, "करा गो बायांनो, माझा काय जाता? पण समोर कोण उबी रवता ता तुमीच बगा. मागीर काय झाला तर माका विचारू नकात." झालं. त्यानं बंदी घातली असती तर अर्ध्या जणी हट्टानं गेल्या असत्या. 'काय झाला तर' या तीन शब्दांना कोण तोंड देणार? प्रत्येकीच्या घरात काहीतरी होण्यासारखं असतंच. एकीचा मुलगा जहाजावर, एकीच्या नवऱ्याला साखर, आणि पार्वतीच्या घरात सेजल. सेजल म्हणजे स्वप्नीलची बायको. दोनदा दिवस जाऊन राहिले नव्हते. आता तिसऱ्यांदा सातवा महिना होता. घरात सगळे तिच्याशी हळू बोलायचे.

मेळाव्याच्या रविवारी सकाळी नऊला तनयानं टेम्पो पाठवला. पद्मावती आठपासून वाटेवर उभी होती. एकीचा निरोप आला, पाहुणे आलेत. दुसरीचा गुडघा. तिसरीनं दार उघडलंच नाही, आत मिक्सर लावला. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, दुसरं काय. साडेनऊ वाजले तेव्हा पद्मावतीचा चेहरा उतरलेला होता. आणि मग पार्वती आली, मोरपिशी साडी नेसून, केसांत अबोली माळून. एकटीच. टेम्पोत चढली आणि शेजारी बसली.

"बाकीच्यो?"

"येयनत," पार्वती म्हणाली.

पद्मावतीनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. एक असली तरी पुरे होती. खरं म्हणजे तिला हवी होती ती एकच होती. वाटेत ती बरंच बोलली, कुठल्या ओळीवर थांबायचं, माईक असला तरी त्याच्याजवळ जायचं नाही, पावलं नेहमीसारखी तीनच. पार्वती मान डोलवत होती आणि बाहेर बघत होती. आज वाटतं, तेव्हाच कळायला हवं होतं. पण आशा लागलेल्या माणसाला कुठे काय कळतं.

इगर्जेच्या दारात पद्मावतीनं चपला काढल्या. बाकी सगळे चपला-बुटांनी आत होते. दाराशी तिचाच एक जोड दिसत होता. आत गारवा, उंच छप्पर, वर लाकडी संत खाली बघत उभे. तिनं त्यांना हात जोडले. बाकांवर शंभरेक माणसं होती. कोणी समुद्रावर कविता वाचली, कोणी भाषेवर बोललं, एका पोरानं आपल्या आजोबांवर लिहिलेलं वाचताना मधेच त्याचा आवाज गेला. मग तनयानं पद्मावतीचं नाव घेतलं.

"तू हो पुढे," पार्वती म्हणाली. "मी पाणी पिऊन येतंय."

पद्मावती पुढे गेली. वेदीच्या खाली मोकळी जागा होती, चांगली सहा-सात पावलांची. ती एका बाजूला उभी राहिली, समोरची बाजू रिकामी ठेवून. तनयानं माईक पुढे केला तो तिनं हातानं बाजूला सारला. डोळे मिटले, तीन पावलं पुढे आली, वाकली आणि म्हणाली,

नदीपलतडी गो कोणाचो दिवो?

आवाज अजून तसाच होता. दगडी भिंतींवर जाऊन तो छपरापर्यंत चढला आणि तिथून परत खाली आला, थोडासा बदलून. ती मागे सरली. कानांत परत आलेला तो स्वर होता आणि क्षणभर तिला वाटलं, आला, जाब आला. तिनं डोळे उघडले. समोर कोणी नव्हतं.

मग कोणीतरी टाळी वाजवली, आणि गाणं संपलं असं वाटून सगळ्यांनीच वाजवल्या. ती तशीच उभी राहिली. टाळ्या थांबल्या. तिनं दारापर्यंत नजर नेली आणि तिला पार्वती दिसली. शेवटच्या बाकावर, खांबाला टेकून, पदराचं टोक दोन्ही हातांनी तोंडावर धरलेलं. पाणी प्यायला गेलेली बाई अशी बसत नाही.

पद्मावतीनं पुन्हा म्हटलं. तीच ओळ, तिच्याकडे बघून. म्हणताना मनात म्हणत होती, उठ गो. एवढं उठ. पुन्हा काही मागणार नाही. पार्वतीनं मान खाली घातली.

तनया जवळ आली, कानात म्हणाली, "मावशी, पुढचं आठवत नाही का? राहू दे, एवढंही खूप छान झालं."

पुढचं आठवत नाही. एकोणचाळीस वर्षं हिनं ते म्हटलं, नऊ वर्षं अंथरुणावर पडून ऐकलं, आणि पुढचं आठवत नाही. काय सांगणार, आणि शंभर माणसांत जावेचं नाव घेऊन सांगणार? पद्मावतीला वाटलं, आता इथेच बसावं आणि रडावं. पण गाणं अर्ध्यावर सोडून खाली बसणं तिला येत नव्हतं, कधी केलंच नव्हतं. ती चालत गेली समोरच्या बाजूला. तिथे वळली. आत्ताच ती उभी होती त्या रिकाम्या जागेकडे तोंड केलं, तीन पावलं पुढे आली आणि जाब दिला.

माज्या भयणीचो गो दिवो, वारो लागना तेका.

परत या बाजूला आली.

दिव्याकडेन बसान गो कोण रडता?

परत त्या बाजूला गेली.

रडणा नाय गो, चुलीचो धूर गेलो.

अनवाणी पायांचा लादीवर आवाज येत होता, तेवढाच. सत्तर वर्षांची बाई, इकडून तिकडे, तिकडून इकडे, स्वतःला विचारत आणि स्वतःला सांगत. दर फेरीला दम लागत होता. गुडघा दुखत होता. कोणी थांबवलं नाही. शेवटची ओळ राहिली होती.

हाक मारलंय तर गो ऐकतली काय?

या वेळी मात्र तिनं शेवटच्या बाकाकडे बघितलं नाही. गेली पलीकडे, आणि जाबही म्हणून टाकला.

ऐकतली गो ऐकतली, जाब दितली.

सगळी इगर्ज उठून उभी राहिली. टाळ्या थांबेनात. पणजीहून आलेले एक गृहस्थ डोळे पुसत पुढे आले. म्हणाले, "आजी, एकटीनं दोन्ही ओळी करायच्या, काय कल्पना आहे. कोणी बसवलं हे? पुढच्या वर्षी आमच्याकडे अगदी असंच करा. दुसरं कोणी बरोबर नको, असंच, एकटीनंच." शिकला-सवरलेला माणूस, डोळ्यांत खरं पाणी आलेलं, त्याच्यावर रागवायचं तरी कसं. "बघू," पद्मावती म्हणाली. कोणीतरी तिच्या खांद्यावर शाल टाकली.

मग जेवणाची घाई झाली, माणसं बाहेर पडली. पद्मावती बाकांच्या मधून चालत शेवटपर्यंत गेली आणि पार्वतीच्या शेजारी बसली.

"घराकडसून निगताना सेजल पायरेर उबी होती," पार्वती म्हणाली. "काय एक बोलाक नाय. पोटार हात धरून उबी होती फक्त. वयनी, माझे पाय उटाक नाय. मी किती सांगितलंय तेंका."

"माका कळला."

"तू शिवी घाल माका."

"कशाक?" पद्मावती म्हणाली. "तां पोर माझाच न्हय काय गो?"

पार्वती रडत होती, आवाज न करता, खांदे हलत होते. थोड्या वेळानं तिनं नाक पुसलं आणि खाली बघून म्हणाली, "जाब देताना तू माझो आवाज काडलंस."

पद्मावतीला हे माहीत नव्हतं. तिनं आठवून बघितलं. खरंच, त्या बाजूला गेल्यावर तिच्या गळ्यातून तोच निघाला होता, बारीक, नाकातला, मांजर दारात सापडल्यासारखा.

"मग कोणाचो काडू?" ती म्हणाली. "त्या बाजूक माका दुसरो आवाज म्हायतच नाय."

पार्वतीनं तिच्याकडे तोंड फिरवलं. इगर्जेत आता कोणी नव्हतं. बाहेर ताटांचा आवाज चालला होता. पार्वतीचे ओठ हलले. श्वास आत घेतला, आणि अगदी हलक्या आवाजात, शेजारच्या बाकालाही ऐकू जाणार नाही असं, तिनं सुरू केलं, "ऐकतली गो..."

पद्मावतीनं चटकन तिच्या तोंडावर हात ठेवला.

"आता नको," ती म्हणाली. "सेजल सुटांदे आदी. मागीर बगूया."

पार्वतीचा गरम श्वास तिच्या तळहाताला लागत होता. तिनं हात तसाच धरून ठेवला, जेवायला बोलवायला तनया दारात येईपर्यंत.